जवळ्याएवढा

वार लिहिला की एक द्यायचा.
रविवार, मग दि. १७ मे.
तारीख आणि महिना यांच्यात मात्र नाही,
ते एका ताटात जेवतात.
घर क्रमांकानंतर एक, वाड्यानंतर एक, गावानंतर एक;
गोवा आला की हात आखडायचा.
एवढंच शिकवलं मला बाबनी कंपॉझिटरनं
कुडचड्याच्या स्टेशनासमोरच्या छापखान्यात,
जिथं मालगाडी गेली की
केसमधले खिळे आपसूक खण बदलायचे.

चिमटीत धरला की तो
वाळलेल्या जवळ्याएवढा, तसाच शेपटीकडे वाकडा.
किसमुरीत एक कमी पडला तर कुणाला कळतंय,
बाबनी म्हणायचा,
पत्रिकेत कळतं.
कळलंच. घर क्र. १२, ३ रा वॉर्ड,
यातला माझ्या हातून गळला,
आणि वऱ्हाड बँड घेऊन उभं राहिलं
एकशे तेवीस नंबरच्या दारात.
तिथं बाराव्याची पानं वाढली होती.

बाबनीकडं वडलांची विक्रीखतं होती, पोर्तुगीज काळातली.
त्यातल्या तारखांना जवळा लागत नसे.
चार दे मार्सु दे एकोणीसशे अठ्ठावन.
बाबनी मराठी करून सांगायचा:
चार दे, मार्च दे, साल दे,
सरकार ते, मागणारच.

पुढं बाबनी गेला, खिळे भंगारात गेले,
मी संगणकापुढं बसलो. तिथं जवळे फुकट,
हवे तेवढे.

खुशाली वेळीप आला तो एप्रिलच्या शेवटी.
मुलीचं लग्न, विशांतीचं, मुलगा बाळ्ळीचा.
मजकूर वहीच्या पानावर, पेन्सिलीनं,
थोरल्या मुलानं लिहून दिलेला. खाली पत्ता:
घर क्र. ४३, वसाहत क्र. २, , सांगे, गोवा.

दोन स्वल्पविराम, मध्ये बोटभर जागा.
चूक. एक काढायचा, विचारायचंही नाही.
तरी विचारलं. इथं काय राहिलं?
खुशालीनं पान खिडकीकडं धरलं.
कागद तिथं झिजला होता, खोडरबरानं.
मुलगा म्हणतो, ज्या गावाला पोस्ट नाही, बस नाही,
ते पत्रिकेवर कशाला?
माणसं जायची तिकडं, नि पाण्याकडं बघत बसायची.

धरण मे महिन्यात खाली जातं
तेव्हा खुशालीच्या घराची पायरी वर येते.
घर नाही. पायरी.
तो केरसुणी घेऊन जातो.

मी म्हटलं, नाव घालतो मी, मुलाला सांगू नका.
नको.
मग एक स्वल्पविराम काढतो.
त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं, अगदी त्या जागेवर,
नखात चिखल होता की हळद, मला दिसलं नाही.
असू दे, म्हणाला.

तीनशे पत्रिका. पिवळा कागद, गुळगुळीत.
मालकाच्या पोरानं प्रूफ बघून लाल गोल केला,
डबल कॉमा आहे, अंकल.
आहे, म्हटलं.
बाळ्ळीहून व्याह्यांचा फोन आला म्हणे,
पत्ता अर्धाच का छापला.
खुशालीनं काय सांगितलं ते मला माहीत नाही.

लग्नानंतर तो पैसे द्यायला आला.
पन्नास कमी होते, ते मी बोललो नाही.
पावती फाडली, वर तारीख घातली,
गुरुवार, दि. २८ मे २००९.
एकच, वारानंतर, बरोबर जागी.
बसा, चहा मागवतो, म्हटलं.
तो दारातच उभा. साडेतीनची बस होती,
पाणी चढायला आठ-दहा दिवस उरले होते,
आणि काखेत नवी केरसुणी,
दुकानातल्या कागदात गुंडाळलेली.